नेपच्यूनपाशी आमची विहीर

डिसेंबर सरत आला की आमच्याकडे वाऱ्याला धार येते आणि शाळांना विज्ञान आठवतं. पुठ्ठा, थर्माकोल, जुन्या पंख्याची मोटर, खायच्या सोड्याचा फसफसणारा ज्वालामुखी. दर वर्षी तोच ज्वालामुखी आणि दर वर्षी त्याच्याभोवती तेवढीच गर्दी. आमचं घर मळ्यात, गावापासून लांब. पण वारा शाळेकडून असला की कर्ण्यावरचं 'हॅलो, हॅलो' थेट माझ्या स्वयंपाकघरापर्यंत येतं. भाकरी थापता थापता माझा हात थांबतो. कुणीतरी हॅलो म्हणतंय, एवढ्यानंही बरं वाटतं. माणूस एकटं राहायला लागलं की अशा सवयी लागतात.

गेल्या आठवड्यात शाळेचे मुख्याध्यापक घरी आले. माझाच विद्यार्थी, पण आता डोक्यावर माझ्यापेक्षा जास्त पांढरे केस, त्यामुळे मी त्याला अहो-जाहो करते आणि तो अवघडतो. म्हणाला, बाई, यंदा तुमचं ते सूर्यमंडळ पुन्हा मांडू या, शाळेपासून तुमच्या विहिरीपर्यंतचं. मी 'बघते' म्हणाले. सध्या मी सगळ्यांनाच 'बघते' म्हणते. पदूलाही तेच म्हटलंय. पदू म्हणजे पद्मजा, माझी एकुलती एक मुलगी. अमेरिकेत, न्यू जर्सीला असते. तिचं म्हणणं, आई, आता कायमची इकडे ये. द्राक्षबाग गावातल्याच एकाला कसायला दिलेली आहे, तोच घरही बघेल. संक्रांतीपर्यंत काय ते सांग, म्हणजे मला कागदपत्रांच्या मागे लागता येईल. जायचं की राहायचं, एवढा एकच प्रश्न. पण तो रोज सकाळी माझ्या आधी उठून बसलेला असतो.

ते सूर्यमंडळ आम्ही मांडलं त्या साली पाऊस असा झालाच नव्हता. पदू पाचवीत होती. मी शाळेत भूगोल शिकवायची. विज्ञानाच्या सरांची बदली झाली आणि प्रदर्शन माझ्या गळ्यात पडलं. ग्रहांचा तक्ता होता शाळेत, पण तक्त्यात सगळे ग्रह खेटून, एका ओळीत, पंगतीला बसल्यासारखे. खरं तसं काही नाही हे मुलांना दाखवायचं कसं, या विचारात मी ज्वारी निवडत बसले होते. एक दाणा बोटावर घेतला आणि म्हटलं, ही पृथ्वी. मग हिशेब मांडला. पृथ्वी ज्वारीएवढी, तर सूर्य केवढा? उत्तर आलं तशी उठले आणि फळीवरची परात काढली. रहिमतपूरहून, माझ्या माहेरून लग्नात आलेली पितळी परात, काठावर माझं माहेरचं नाव कोरलेलं. सूर्य बरोबर तेवढाच होता.

बाकीचे ग्रह स्वयंपाकघरानंच दिले. बुध म्हणजे मोहरी. शुक्र म्हणजे ज्वारीचाच दुसरा, किंचित बारका दाणा. मंगळ बाजरीचा. गुरूला लिंबू, शनीला आवळा, आणि शनीच्या कड्यासाठी पदूनं हातातली बांगडी उतरवून दिली. युरेनस आणि नेपच्यूनसाठी बागेतले दोन द्राक्षमणी तोडले, अजून कच्चे, आंबटढाण. चंद्र राजगिऱ्याचा. तो पृथ्वीपासून अर्ध्या वितेवर ठेवायचा. माणूस पृथ्वी सोडून आजवर जो काही लांब गेला तो तेवढाच, अर्धी वीत. हे सांगितलं की वर्गातली सगळ्यात दंगेखोर पोरंही आपापली वीत पसरून बघायची.

खरी गंमत अंतरांची होती. परात शाळेच्या ओट्यावर उभी केली. पृथ्वी फाटकाशी आली, मंगळ रस्त्यापलीकडे. इथवर मुलं खूश होती. मग गुरू कुठे, तर दूध डेअरीच्याही पुढे. शनी ओढ्याच्या मोरीवर. युरेनस माळावरच्या एकट्या बाभळीखाली. आणि नेपच्यून, हिशेब करत करत, आमच्या विहिरीच्या कठड्यावर येऊन बसला. शाळेपासून दीड किलोमीटरला थोडं कमी. एवढ्या सगळ्या वाटेवर ठेवलेला ऐवज किती, तर एका परातीच्या कडेला मावेल इतका. उरलेलं सगळं रिकामं. तोवर मी 'अवकाश' हा शब्द फळ्यावर कितीतरी वेळा लिहिला होता, पण तो मला कळला त्या दिवशी, चालून पाय दुखल्यावर.

पहिल्याच सकाळी पृथ्वी चिमणीनं खाल्ली. दुपारी बिरू धनगर मेंढरं घेऊन शाळेपाशी आला, टोपी काढून उभा राहिला आणि म्हणाला, बाई, तुमचा बाभळीखालचा गिरह मेंढीनं खाल्ला, दुसरा ठिवा. तेव्हापासून आमचे हे खिशात मूठभर ज्वारी आणि चार द्राक्षमणी घेऊन वाटेवर फिरायला लागले. कुणी विचारलं तर सांगायचे, राखण करतोय, पृथ्वीची. मला ते मास्तरीणबाई म्हणायचे, आणि मी त्यांच्यावर रागावले की जास्तच म्हणायचे.

त्या संध्याकाळी नेपच्यून कठड्यावर ठेवून आम्ही तिघं विहिरीपाशी बसलो होतो. ह्यांनी विचारलं, सूर्याला शेजारी कोण न्हाई का, जवळचा एखादा तारा? आहे की, म्हटलं. मग तो कुठं ठेवायचा? मी पदूच्या पाटीवर हिशेब केला, उत्तर पाहून पुसला, पुन्हा केला. उत्तर तेच आलं. मी म्हणाले, तो अमेरिकेत ठेवावा लागेल.

हे मोठ्यानं हसले. "मग ऱ्हाऊ दे तेवढा," म्हणाले. "तिकडं आपलं कोण न्हाई."

दुसरी मांडणी पाण्याची होती, आणि तिच्यावरून वाद झाले. टेबलावर घागर ठेवली, ती पृथ्वी. आता जगातलं सगळं पाणी, समुद्र, बर्फ, ढग, नद्या, विहिरी, सगळं गोळा करून एक थेंब केला तर तो घागरीपुढे केवढा दिसेल? मी घागरीशेजारी एक लहानसं लिंबू ठेवलं. त्यातलं गोडं पाणी, गोठलेलं सोडून आणि जमिनीच्या पोटातलं धरून, तुरीच्या एका दाण्याएवढं. आणि जगातल्या साऱ्या नद्या नि तळी मिळून राजगिऱ्याचा एक दाणा. लोक वाकून बघायचे आणि माझ्याकडे संशयानं पाहायचे. नकाशा तर सगळा निळा असतो. मी सांगायची, निळा आहे पण पातळ आहे. ओला हात घागरीवरून फिरवावा, तेवढाच तो समुद्र. एक म्हातारे गृहस्थ, ज्यांच्या दारात आदल्या दिवशी टँकर पोचला नव्हता, बराच वेळ त्या टेबलापाशी उभे होते.

"आवं बाई," ते शेवटी म्हणाले, "ह्यात आमची किष्णा कुठली?"

मी राजगिऱ्याच्या दाण्यावर बोट ठेवलं. आमचे हे मागे उभे होते. त्यांनी घरून आणलेली वाटी त्या दाण्यावर पालथी घातली. वाऱ्यानं उडून जाईल, म्हणाले.

आमच्या घरात पाण्याची एक रीत आहे. आम्ही जैन, पाणी दुहेरी कापडातून गाळून पितो. आजूबाजूला सगळेच गाळतात. पण गाळून झाल्यावर कापडावर जे राहतं, डोळ्यांना न दिसणारे जीव, त्याला जिवाणी म्हणतात, आणि ती फेकायची नसते. कापड उलटं करून गाळलेल्याच पाण्यानं हलकेच खंगाळायचं आणि ते पाणी ज्या विहिरीचं त्याच विहिरीत परत सोडायचं. तेही वरून ओतायचं नाही, जिवांना मार लागतो. बुडाला कडी असलेली छोटी बादली असते. ती दोरीनं खाली उतरवायची, पाण्याला टेकली की दोरीला हिसका द्यायचा, ती पालथी होते. माझ्या माहेरी नळ होता, त्यामुळे हे सगळं मी सासरी येऊन पाहिलं. भूगोलाच्या बाईला पहिल्यांदा हसू आलं होतं. पुढे सकाळी उठून मीच आधी बादली शोधायला लागले.

त्या हिवाळ्यात विहीर तळाला गेली आणि आमच्याकडे टँकर सुरू झाला. मिरजेजवळ कृष्णेवर भरून यायचा. आता प्रश्न असा पडला की नदीच्या पाण्याची जिवाणी टाकायची कुठं? ह्यांच्या मते त्यात प्रश्नच नव्हता. ती नदीची, नदीतच गेली पाहिजे. मग ह्यांनी झाकणाचा एक डबा केला, त्यात रोजची जिवाणी साठवायची आणि टँकर आला की डबा ड्रायव्हरच्या हातात द्यायचा. ड्रायव्हर मिरजेचा, मकबूलभाई. पहिल्या दिवशी त्यानं डब्यात डोकावून पाहिलं, मग ह्यांच्याकडे पाहिलं. एवढ्या लांब नेऊन ओतायचं, ते काय, तर पाणी! पण न्यायला लागला. काठावर उतरून आधी डबा बुडवून रिता करायचा, मग पाईप टाकायचा. दुसऱ्या दिवशी डबा परत देताना ह्यांना सांगायचा, आण्णा, तुमची मंडळी पोचवली. गावभर थट्टा झाली. लोकांना प्यायला पाणी नाही आणि आण्णा पाण्याला परत पाठवतात. हे थट्टेत सामील व्हायचे आणि डबा भरतच राहायचे.

एक दिवस टँकर यायच्या आत पदूनं तो डबा नेऊन आमच्या विहिरीत रिकामा केला. मदत म्हणून. विहिरीत टाकायचं असतं एवढंच तिला ठाऊक. कडीच्या बादलीनं, हिसका देऊन, सगळं रीतसर. तळाला जे डबकं उरलं होतं त्यात ती नदीची जिवाणी पडली. ते कळलं तेव्हा पदू रडायला लागली. ते जीव परके आहेत, ते मरतील, असं म्हणत हुंदके देत राहिली. हे कठड्यावर ओणवे होऊन खाली बघत राहिले. मग त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"असू दे," ते म्हणाले. "आता ती हितलीच झाली."

एवढा काटेकोर माणूस, ज्यानं थेंबभर जिवाणीसाठी टँकरवाल्याला कामाला लावलं, तो असा सहज सोडून देईल असं मला वाटलं नव्हतं. नंतर मी विचारलंही. तर म्हणाले, रीत आपल्यासाठी, जीव जगला की झालं.

प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी मुलांनी वाद काढला की नेपच्यूनवरून सूर्य दिसेल का. मी म्हटलं, दिसेल, पण नुसता एक लखलखीत ठिपका. पुस्तकातलं कुणाला पटतं? हे म्हणाले, तुमी जावा विहिरीवर, मी दावतो. मी आणि पदू घरी आलो. सूर्य आमच्या पाठीमागे बागेवर टेकत आला होता आणि समोर, पूर्वेला, सगळा माळ तांबूस झाला होता. शाळा म्हणजे लांबवर एक पांढरा डाग, परात दिसायचा संबंधच नव्हता. आम्ही वाट बघत राहिलो. हे तिकडे ओट्यावर परात दोन्ही हातांत धरून मावळतीकडे वळवत होते, थोडी डावीकडे, थोडी वर. आणि मग एकदम तो ठिपका लागला. डोळ्यांत घुसेल इतका. पदू नाचायला लागली. 'अजून, आप्पा, अजून' असं ती ओरडत होती आणि तिकडे काहीही ऐकू जात नव्हतं, तरी दिवस मावळेपर्यंत हे परात फिरवत राहिले, आणि तो ठिपका लागत राहिला, विझत राहिला.

ह्यांना जाऊन आता तिसरा हिवाळा. मिरजेच्या दवाखान्यातून आम्ही घरी आणलं ते शेवटचं. पदू आली, राहिली, गेली. विमानतळावर तिला सोडून आले त्या संध्याकाळी मी दोघांचा स्वयंपाक केला, आणि मग दोन दिवस तोच खाल्ला. मी नेपच्यूनवर राहते, असं मी गमतीनं म्हणते. ऐकायला कुणी नसतं, पण म्हणते. विहिरीला आता पाणी आहे. उपसा योजनेच्या कालव्यानं कृष्णा वर चढून आमच्या माळावर आली, आणि विहिरीला तिचाच पाझर लागला. हे असते तर म्हणाले असते, बघा, डबा वाचला. मी अजून पाणी गाळते, दिवस मावळायच्या आत जिवाणी सोडते. एकटीला लागतं किती पाणी! पण तेवढं काम झालं की दिवसाचा हिशेब लागल्यासारखा वाटतो.

जवळच्या ताऱ्याचा उजेड आपल्यापर्यंत यायला चार वर्षांहून जास्त लागतात. पदूचा फोन लगेच लागतो, हे मला अजून खरं वाटत नाही. मागच्या रविवारी बोलता बोलता कळलं की तीसुद्धा पाणी गाळते. तिच्या आप्पांच्या धोतराचा तुकडा नेला होता, त्यातून. नळाचं पाणी, मशीनमधून येणारं, त्यात कसले जीव! तरी गाळते. जिवाणी कुठं टाकतेस, मी विचारलं. म्हणाली, बिल्डिंगमागे एक ओढा आहे, त्यात. नळाला कुठलं पाणी येतं ते माहीत नाही, पण आप्पा म्हणालेच होते ना, आता ती इथलीच झाली. ती हसत सांगत होती. मी फोन ठेवला आणि मला रडू आलं. ती परत येईल असं मी कधी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, स्वतःलासुद्धा. पण तिच्या खोलीतली गादी मी दर उन्हाळ्यात उन्हात टाकत होते. त्या दिवशी कळलं की ती येणार नाही. माझ्याच मुलीला तिथलं पाणी मानवलं होतं, आणि ते वाईट नव्हतं, तरी मला वाईट वाटलं.

मुख्याध्यापकांना होकार कळवला. काल पुन्हा सगळं मांडलं. मोहरी, ज्वारी, बाजरी. ओढ्याच्या मोरीवर आता मोठा पूल झालाय, शनी त्याच्या कठड्यावर बसला. बाभूळ नाही, तिथे मोबाईलचा मनोरा आहे. अंतरं मात्र तीच. मुलांनी प्रश्न विचारले, मी उत्तरं दिली, सत्कार म्हणून नारळ मिळाला. निघताना मी ओट्यावरची परात विटांच्या आधारानं उभी केली. कुठल्या कोनात असायची ते आठवून, मावळतीकडे तोंड करून. मुख्याध्यापक म्हणाले, मी थांबू का बाई? त्यांना घर होतं, पोरं वाट बघत होती. मी म्हटलं, नको, जावा तुम्ही.

मग नेपच्यून हातात घेऊन एकटीच घरी चालत आले. कठड्यावर ठेवला. सूर्य बागेवर टेकला होता, माळ तसाच तांबूस झाला. लांबवर शाळेचा पांढरा डाग. मी बघत राहिले. डोळ्यांना आता तेवढं दिसत नाही म्हणून चष्मा पुसला, पुन्हा घातला. ठिपका लागला नाही. परात तिथंच होती, सूर्य होता, मी होते. पण कोन बोटभर जरी चुकला तरी उजेड भलतीकडे जातो, आणि तो सारखा करायला तिकडे कुणी नव्हतं. नुसती परात असून भागत नाही. ती आपल्याकडे वळवणारं माणूस लागतं.

तिकडे माझ्यासाठी परात धरून पदू किती दिवस उभी आहे, आणि मी 'बघते' म्हणतेय.

दिवस मावळायच्या आत पाणी गाळलं. कापड उलटं करून खंगाळलं, कडीची बादली खाली सोडली. ती पाण्याला टेकली, मी हिसका दिला, दोरी हलकी झाली. ज्याची जिवाणी त्या पाण्यात. हे सगळं मला सोडून जायचं होतं, ह्यांची विहीर, कठड्यावरची ह्यांची बसायची जागा. मी काठावर हात ठेवून खाली बघितलं, त्यांनी बघितलं होतं तसं. असू दे, असं मोठ्यानं म्हटलं. आवाज विहिरीत घुमून परत आला.

मग तिथंच बसून फोन लावला. तिकडे सकाळ होती, तिची कामावर जायची घाई.

"पदू, मी येते," मी म्हटलं.

मागे तिच्या स्वयंपाकघरातला नळ चालू होता, तो बंद झाला.

"आई," ती म्हणाली, "येताना परात घेऊन ये."